घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीचं गार्डन: वर्षभराच्या मेंटेनन्स कॉन्ट्रॅक्टचा रिव्ह्यू

गार्डन मेंटेनन्सवाल्यांचे रिव्ह्यू बघा कुठेही, सगळे डिसेंबर-जानेवारीतले. पेटुनियाच्या कुंड्या, हिरवंगार लॉन, खाली फाइव्ह स्टार. अहो डिसेंबरात ठाण्यात कुणाचंही गार्डन चांगलंच दिसतं, त्यात कॉन्ट्रॅक्टरचं काय कौतुक. बघायचं तर मे महिन्याच्या शेवटी बघा आणि मग एकदम जुलैत बघा, तेव्हा कळतं पैसे कुठे गेलेत. म्हणून मुद्दाम वर्ष पूर्ण होईपर्यंत थांबले आणि आता लिहितेय.

कंपनीचं नाव लिहीत नाहीये. कॉन्ट्रॅक्ट चालू आहे, मी स्वतः कमिटीत आहे आणि खाली तक्रारी पण आहेत, उगाच भानगड नको. पण काम काय केलं, किती पैसे घेतले, कुठे माशी शिंकली ते सगळं सांगते, म्हणजे तुम्ही ज्याला बोलवाल त्याला काय विचारायचं ते तरी कळेल.

आमची सोसायटी घोडबंदर रोडला आतल्या बाजूला, १६८ फ्लॅट. पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या स्लॅबवरच्या अंगणात, लॉन आणि मुलांची खेळायची जागा, खाली कंपाउंडच्या कडेने मोठी झाडं, म्हणजे सोनमोहर, गुलमोहर, दोन पर्जन्यवृक्ष, एक सप्तपर्णी आणि गेटपाशी नारळ. बाकी बिल्डरने लावलेलं नेहमीचं, डुरांट्याची पिवळी हेज, अरेका पाम, इक्झोरा, तगर आणि देवाने कुणाला न सुचवावं असं पोडियमवरच्या फूट-दीड फूट मातीत लावलेलं फायकस. पझेशनच्या वेळी हे सगळं इतकं झकास दिसत होतं की लोकांनी त्याचेच फोटो काढून गावाला पाठवले होते. ते तसं दिसावं म्हणूनच लावलेलं असतं, पाच वर्षांनी त्याचं काय होणार हा बिल्डरचा प्रश्नच नसतो.

आधी सोसायटीचा स्वतःचा एक माळी होता, तो वयाने थकला आणि गावी गेला. मग कोटेशन मागवली. आम्ही घेतलेला रेट महिन्याला ४२,००० प्लस १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४९,५६०. फ्लॅटमागे २९५ रुपये पडतात. यात दोन माळी सकाळी ८ ते ५, रविवार सुट्टी, आठवड्यातून एकदा सुपरवायझरचा राउंड, महिन्यातून एकदा त्यांच्या हॉर्टिकल्चर शिकलेल्या मॅडम येतात, हत्यारं आणि लॉनमूवर त्यांचा, नेहमीची खतं आणि फवारणी त्यातच. मोठ्या झाडांची छाटणी, नवीन रोपं, माती हे सगळं वेगळं. यापेक्षा १४ हजाराने स्वस्त कोटेशन पण आलेलं. त्याला मी एकच विचारलं की दोन माणसांचा पगार, पीएफ, ईएसआयसी (कामगार विमा) धरून हा आकडा बसतो कसा, तर म्हणाला मॅडम ते आम्ही अ‍ॅडजस्ट करतो. अ‍ॅडजस्ट म्हणजे त्या माळ्यांच्या खिशातून. आम्ही दर महिन्याच्या बिलाबरोबर पीएफ आणि ईएसआयसीच्या चलनाची कॉपी मागतो, नाही दिली तर बिल पुढे सरकत नाही. तुम्ही पण मागा, उद्या कोणी झाडावरून पडलं तर सोसायटीच्याच गळ्यात येतं.

आता चांगलं काय ते आधी.

पहिल्या राउंडला आलेल्या मॅडमनी काहीही विकायचा प्रयत्न केला नाही, याचंच मला जास्त कौतुक वाटलं. बी विंगच्या सावलीतलं लॉन कायम टकलं पडतं, आधीच्या दोन कॉन्ट्रॅक्टरनी कोटेशनमध्ये सरळ नवीन मेक्सिकन लॉनचा रेट लावला होता. या म्हणाल्या, “ताई, इथे ऊन किती वाजता येतं?” म्हटलं, येतच नाही फारसं, समोरचा टॉवर आडवा आहे. मग म्हणाल्या की मेक्सिकन गवताला उघडं ऊन लागतं, सावलीत ते विरळ होत जातं आणि त्या जागेत शेवाळ धरतं, तुम्ही कितीही वेळा घाला, सहा महिन्यांनी पुन्हा हेच. तिथे त्यांनी लॉन काढून सिंगोनियम, रिओ आणि कडेने फर्न लावले, मधे चालायला फरश्या टाकल्या. लॉनपेक्षा निम्म्याहून कमी खर्च आला आणि आजतागायत तिथे कुणी हात लावलेला नाही. स्वतःचं मोठं बिल स्वतः कापणारा कॉन्ट्रॅक्टर मी तरी पहिल्यांदा बघितला.

दुसरी गोष्ट पार्किंगची, आणि यासाठी मी त्यांना अर्धा स्टार जास्त देईन. पोडियमखालच्या पार्किंगमध्ये तीन जागी पाणी ठिबकायचं. स्लॅबमधून झिरपलेलं पाणी नुसतं पाणी नसतं, सिमेंटमधला चुना घेऊन येतं, गाडीच्या बॉनेटवर पांढरे डाग पडतात आणि ते पॉलिश करूनही पूर्ण जात नाहीत. त्यावरून एजीएममध्ये (वार्षिक सभेत) किती भांडणं झालीत विचारू नका. सगळ्यांचं म्हणणं वॉटरप्रूफिंग गेलं, माती उचला, परत करा, त्याचा खर्च लाखांत. यांच्या सुपरवायझरने आधी काय केलं, तर प्लॅन्टरच्या (झाडं लावायच्या बांधीव वाफ्यांच्या) कोपऱ्यातल्या पाणी जायच्या जाळ्या शोधून काढल्या. शोधून म्हणजे खरंच शोधून, कारण त्या मातीखाली गाडल्या गेल्या होत्या. दोन जाळ्यांमध्ये फायकसच्या मुळ्यांचा असा गुंता की पाणी जाणार कुठून, मग ते तिथेच साचतं आणि जिथे फट मिळेल तिथून खाली येतं. मुळ्या कापून जाळ्या मोकळ्या केल्या, जाळीभोवती खडी आणि जिओटेक्स्टाइल कापड (माती अडवतं, पाणी जाऊ देतं) टाकलं, ते दोन फायकस काढून टाकायला सांगितले. तीन जागांपैकी दोन ठिकाणचं ठिबकणं बंद झालं. तिसरीकडे खरंच वॉटरप्रूफिंगचा प्रॉब्लेम आहे, तो वेगळा विषय. पण पोडियम असलेल्या प्रत्येक सोसायटीने कॉन्ट्रॅक्टमध्ये लिहून घ्या की पावसाआधी आणि पावसात दर पंधरा दिवसांनी सगळ्या जाळ्या उघडून बघायच्या आणि फोटो टाकायचे. माळी झाडांकडे बघतो, प्लंबर पाइपांकडे बघतो, ही जाळी दोघांच्या मधे पडते आणि कुणीच बघत नाही.

आता मे महिना. ठाण्यात चार महिन्यांत साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याबरोबर वारा. सोनमोहर आणि गुलमोहर दोन्ही दिसायला सुंदर पण लाकूड ठिसूळ, पहिल्या-दुसऱ्या वादळी पावसात फांदी खाली, आणि खाली कुणाची तरी गाडी असतेच. त्यामुळे छाटणी पावसाआधीच व्हायला हवी आणि त्यासाठी महापालिकेची परवानगी लागते, झाड आपल्या कंपाउंडमध्ये असलं तरी लागते. १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे, त्याखाली प्रत्येक महापालिकेचं वृक्ष प्राधिकरण असतं. बरेच जण एप्रिल-मे गप्प बसतात आणि पाऊस तोंडावर आला की अर्ज करतात, तेव्हा तिथे आधीच गर्दी असते. यांनी मार्चमध्येच सगळ्या झाडांना नंबर घातले, फोटो काढले, कुठल्या झाडाची कुठली फांदी धोक्याची ते लिहून अर्ज तयार करून दिला, आम्ही फक्त सह्या-शिक्का केला. हे काम सेक्रेटरीला करायला लावणारे कॉन्ट्रॅक्टर पण आहेत, आणि परवानगी-बिरवानगी सोडा, रविवारी पहाटे उडवून टाकतो असं सांगणारे पण आहेत. दुसऱ्या प्रकारच्यांना गेटच्या आत घेऊ नका, केस सोसायटीवर होते.

छाटणी मी उभी राहून बघितली. आपल्याकडे छाटणी म्हणजे झाडाचं पार ठूंठ करून टाकायचं, वर चार फुटवे येतात, ते कमकुवत असतात आणि दोन वर्षांनी तेच तुटून पडतात. हे तसं नव्हतं. जाड फांदीला आधी खालून अर्धवट काप, मग थोडं पुढे वरून काप, म्हणजे फांदी स्वतःच्या वजनाने सुटते पण खोडाची साल सोलून नेत नाही, आणि मग उरलेला खुंट खोडालगतच्या फुगीर कडेला धरून साफ कापायचा, ती कड मात्र शाबूत ठेवायची कारण जखम तिथूनच भरून येते. वर जाणाऱ्या माणसाला पट्टा-दोर, खाली दोन जण दोरी धरून फांदी हळूहळू उतरवणार. एका सोनमोहरावर कावळ्याचं घरटं होतं, तो हंगामच असतो त्यांचा, तर ती फांदी त्यांनी सोडली आणि बाकीचं केलं. वर गेलेल्या पोराला कावळ्यांनी टोचलं ते टोचलंच. नारळाचं पण तेव्हाच, सगळे तयार नारळ आणि वाळक्या झावळ्या उतरवल्या. शहाळी कमिटीत वाटली, त्यावरून पण ग्रुपवर चर्चा झाली, जाऊ दे.

याचे पैसे झाडामागे वेगळे लागले आणि ते कमी नव्हते. पण त्या पावसाळ्यात आमच्या कंपाउंडमध्ये एकही मोठी फांदी पडली नाही, शेजारच्या सोसायटीत दोन गाड्या गेल्या.

पावसाळा हा यांचा अर्धा पास, अर्धा नापास. लॉनमध्ये लव्हाळा फार येतो, तो वरून कापला तर दुप्पट होतो, खालच्या गाठीसकट काढावा लागतो, ते त्यांनी नीट बसून केलं. ओल्या गवतावर मशीन चालवायचं नाही हा त्यांचा नियम, त्यामुळे जुलैत लॉन कधी कधी घोट्याच्या वर जायचं आणि लोक ओरडायचे, पण ते बरोबरच होतं, ओल्यात मशीन घातलं की गवत उपटतं आणि बुरशी पसरते. आफ्रिकन गोगलगायी हा आमच्याकडचा मोठा ताप. मुठीएवढ्या होतात, रात्री बाहेर येतात आणि कोवळं काहीही ठेवत नाहीत. त्यावर विषारी गोळ्या टाकू नका, सोसायटीत कुत्री-मांजरं आहेत, असं आम्ही सांगितलं तर त्यांनी एक माळी काही आठवडे संध्याकाळी थांबवला, ओली पोती पसरून ठेवायची, त्याखाली गोळा होतात, हातमोजे घालून उचलायच्या आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत. मुलांना सांगून ठेवा, या उघड्या हाताने उचलायच्या नाहीत, त्यांच्यात माणसाला त्रास देणारे जंत असू शकतात.

डासांचं पण बघत होते, कुंड्यांखालच्या ताटल्या सगळ्या काढून टाकल्या. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि आठवडा-दहा दिवसांत तयार होतो, त्यामुळे आठवड्यातून एकदा सगळं उपडं केलं तरी बरंच काम होतं. ताटल्या काढल्यावर ज्यांच्या लॉबीतल्या फरशीवर डाग पडले त्यांनी मला फोन केले.

नापास कुठे, तर माणसांमध्ये. आमचे दोन माळी, एक मोखाड्याकडचे काका आणि एक मुरबाडचा तरुण. दोघंही एक नंबर. पण जुलै आला की भातलावणी, आणि घरची शेती असली की माणूस जाणारच, त्याला कोण अडवणार. कॉन्ट्रॅक्टमध्ये लिहिलेलं आहे की बदली माणूस द्यायचा. दिला. कोण दिला, तर कुठल्या तरी साइटवरचा हाउसकीपिंगचा मुलगा, बिचाऱ्याच्या हातात याआधी कधी विळा पण आला नसेल. त्याने पहिल्याच दिवशी ए विंगच्या कुलकर्णी आजींचा गवती चहा गवत समजून साफ केला. आजींनी तो गेली कित्येक वर्षं सांभाळलेला, अर्ध्या बिल्डिंगचा सकाळचा चहा त्याच्यावर. मग इक्झोऱ्याच्या कळ्यांसकट हेज कापली. सुपरवायझरला फोन केला तर तो सुट्टीवर, त्याच्या वरच्याला केला तर तो म्हणाला मॅडम मंथएंड आहे. काय संबंध मंथएंडचा आणि गवती चहाचा!

अजून एक तक्रार फवारणीची. एका सकाळी खेळायच्या जागेशेजारीच जास्वंदीवर फवारणी चालू, मुलं झोपाळ्यावर, कुणाला काही सांगितलं नव्हतं. विचारलं कोणतं औषध तर माळीकाका म्हणाले, “ताई, बाटलीवरचं नाव मला वाचता येत नाही, साहेबांनी दिलं ते मारतो.” हे ऐकून खरंच अंगावर काटा आला, आमच्या मुलांसाठी तर आलाच पण त्या माणसासाठी जास्त, मास्क नाही, मोजे नाहीत. तेव्हा मात्र मी लेखी तक्रार केली. त्यानंतर सुधारलं हे कबूल करायला हवं. आता आदल्या दिवशी ग्रुपवर मेसेज येतो, औषधाचं नाव आणि प्रमाण गेटवरच्या बोर्डवर लिहितात, मास्क-मोजे दिलेत, आणि मिलीबगला (पांढऱ्या पिठ्या ढेकणाला) आधी पाण्याचा जोरदार फवारा, मग नीम ऑइल लिटरला ५ मिली आणि थोडं साबणाचं पाणी, तेही ऊन उतरल्यावर. कडक औषध अगदी नाइलाज झाला तरच आणि फुलावर आलेल्या झाडावर नाही, मधमाश्या मरतात. तगरीवर मोठ्या हिरव्या अळ्या आल्या होत्या, डोक्यामागे निळे डोळे असल्यासारख्या, त्या नुसत्या हाताने वेचल्या. मुलांनी त्यातली एक बरणीत ठेवली, तिचं पुढे मोठं हिरवं फुलपाखरू झालं असं ती सांगत सुटली. फुलपाखरू नव्हे, पतंग असतो तो, पण सांगणार कोण.

ऑक्टोबरनंतरचं थोडक्यात. शेणखत आणि निंबोळी पेंड घातली, लॉनवर चाळलेल्या मातीचा आणि वाळूचा पातळ थर दिला, हेज आकारात आणली, सगळं वेळेवर. सप्तपर्णीच्या वासाने ज्यांचं डोकं दुखतं त्यांनी झाड तोडा म्हणून अर्ज दिला, मॅडमनी सरळ सांगितलं की फुलांचा वास हे झाड तोडायचं कारण होऊ शकत नाही, वर्षातले थोडे दिवस असतात, खिडक्या लावा. मला पण तो वास सहन होत नाही पण उत्तर आवडलं.

आणि मग आलं सीझनल फुलांचं कोटेशन. नोव्हेंबर लागला रे लागला की सगळे हेच करतात. पेटुनिया, डायंथस, शेवंती, झेंडू, पॉइन्सेटिया, तीनशे कुंड्या, दिसायला एकदम मस्त, २६ जानेवारीच्या झेंडावंदनाला फोटो छान येतात. मार्चचं ऊन लागलं की सगळं जळून जातं आणि रिकाम्या कुंड्या गच्चीवर चढतात. कमिटीत मतं पडली, माझं मत विरुद्ध होतं, शेवटी निम्म्या कुंड्या घेतल्या. फुलंच बघायची असतील तर जानेवारी अखेर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीला भायखळ्याला राणीच्या बागेत मुंबई पालिकेचं प्रदर्शन भरतं तिथे जाऊन या, आणि सोसायटीचे पैसे सदाफुली, प्लंबॅगो, इक्झोरा, जास्वंद असल्या वर्षभर टिकणाऱ्यांवर घाला. फार तर एक बहावा आणि एक ताम्हण लावा. दोन्ही ऐन एप्रिल-मेमध्ये फुलतात जेव्हा बाकी सगळं मरगळलेलं असतं, आणि ताम्हण तर आपल्या राज्याचं फूल. मॅडमनाही हे पटत होतं, पण सेल्सवाला वेगळा असतो, तो त्यांचं ऐकत नाही.

पाणी. आमच्याकडे गार्डनला एसटीपीचं, म्हणजे सोसायटीतलंच सांडपाणी शुद्ध केलेलं, पाणी येतं आणि उन्हाळ्यात तेवढंच येतं. त्याने चांगलं पाणी वाचतं पण त्याचे स्वतःचे नखरे आहेत. त्यात क्षार जास्त, महिनोन्महिने तेच दिलं की अरेकाची टोकं तपकिरी होतात, लोकांना वाटतं पाणी कमी पडलं आणि अजून घालायला लावतात. यांनी कुंड्यांना आणि प्लॅन्टरना अधूनमधून साधं पाणी भरपूर सोडून क्षार धुऊन काढायची पद्धत ठेवली, त्याने फरक पडला. खेळायच्या जागेजवळचे स्प्रिंकलर बंद करून ठिबक केलं, कारण ते पाणी हवेत उडून मुलांच्या नाकातोंडात जायला नको. एसटीपीला वास मारायला लागला की माळी आधी सांगतात, एसटीपी ऑपरेटर नंतर.

वाळलेला पाला आता बाहेर जात नाही. पूर्वी पहाटे कोपऱ्यात पेटवून द्यायचे, तसं करायला २०१६ च्या घनकचरा नियमांपासूनच बंदी आहे. आता अर्धा पाला झाडांच्या बुंध्याशी पसरतात, माती उन्हाने तापत नाही आणि पाणी कमी लागतं, उरलेला ओल्या कचऱ्याच्या खतात जातो. नुसता ओला कचरा कुजून घाण वास सुटायचा, सुका पाला मिसळायला लागल्यापासून वास गेला. हे त्यांच्या कामात नव्हतं, माळीकाकांनीच सुचवलं. सुपरवायझरला पण नंतर कळलं.

माकडांवर कुणाकडेच उत्तर नाही. येऊरच्या जंगलाच्या बाजूने येतात, जास्वंदीच्या कळ्या, पपई, पेरू, काही सोडत नाहीत. मॅडमनी एवढंच सांगितलं की फळझाडं पोडियमवर लावू नका आणि कुणी खायला घालत असेल तर थांबवा. सी विंगच्या अकराव्या मजल्यावरून केळी येतात खाली, सगळ्यांना माहितीये कोण ते.

आता बिलिंग, कारण इथे डोळे उघडे ठेवायला हवेत. मेन रेट ठरलेला असतो, खरं पाणी मुरतं ते एक्स्ट्रामध्ये. लाल माती ब्रासने येते, एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. यांनी माती आणली गोण्यांमध्ये आणि बिल लावलं ब्रासचं. दोन ब्रास म्हणे. आमच्या खजिनदार काकांनी (रिटायर्ड सिव्हिल इंजिनिअर, यांच्या नादाला लागू नये) एक गोणी मोजली, गोण्या मोजल्या, गुणाकार केला आणि सव्वा ब्रास पण भरेना. सुपरवायझर म्हणाला, माती दबते साहेब. काका म्हणाले, गोणीत दबते मग बिलात पण दाबा. बिल कमी करून आणलं. तसंच रोपांचं, तीन महिन्यांत रोप मेलं तर बदलून देणार असं लिहिलेलं असतं, पण खाली बारीक अक्षरात अतिवृष्टी, पाणीटंचाई, प्राणी यांच्यामुळे मेलं तर नाही. घोडबंदरला रोप याशिवाय दुसऱ्या कशाने मरतं मला सांगा.

आमच्याच लोकांबद्दल पण एक लिहिते. माळी दिसले की त्यांना वर बोलवायचं, काका जरा गॅलरीतल्या कुंड्या बदलून द्या, ताईंचं तुळशीवृंदावन उचलून ठेवा, आणि मग खाली काम झालं नाही म्हणून ग्रुपवर फोटो टाकायचे. आता गॅलरीचं काम रविवारी आणि त्याचे पैसे थेट माळ्याला, असा ठराव करून घेतलाय. काही लोक रागावलेत.

कुणी घ्यावं? पोडियम आहे, मोठी झाडं आहेत, शंभराच्या वर फ्लॅट आहेत तर असा बारमाही कॉन्ट्रॅक्ट घ्या, कारण परवानगीचे अर्ज, चढणारी टीम, औषधांची माहिती हे एकट्या माळ्याला जमत नाही. वीस-पंचवीस फ्लॅटची बिल्डिंग, चार झाडं आणि बारा कुंड्या असतील तर कशाला, एक चांगला माळी अर्ध्या दिवसाला ठेवा आणि मे महिन्यात छाटणीचं काम तेवढं बाहेर द्या.

माझ्याकडून साडेतीन. जाळ्यांचा तो अर्धा धरून चार.

रिन्यूअल एप्रिलमध्ये आहे. त्यांनी ४५,००० मागितलेत. आम्ही सांगितलंय की वाढ देऊ, पण जुलैत बदली कोण येणार त्या माणसाचं नाव मे महिन्यातच कळवायचं आणि त्याने आधी आठवडाभर काकांबरोबर काम करायचं, माती गेटवर मोजूनच आत घ्यायची, आणि वाढलेल्या रकमेतले किती माळ्यांच्या पगारात गेले ते पगाराच्या स्लिपवर दाखवायचं. पहिल्या दोन अटींना लगेच हो आलं. तिसरीवर हेड ऑफिसला विचारून सांगतो म्हणालेत.